रंगाऱ्याचे चार रविवार

रंगाऱ्याने बासष्टाव्या वर्षी स्पॅनिश शिकायला घेतली ती हौस म्हणून नव्हे. मुलगी परदेशात गेली, तिथलाच नवरा केला आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच वारली. मागे सात वर्षांची नात. तिची मराठी जेमतेम होती, ती आईबरोबरच संपली. दर रविवारी फोनवर आजोबा-नात एकमेकांची तोंडं बघत बसत. शेवटी जावयाने इंग्रजीत दोन ओळी कळवल्या. पोर कंटाळते, महिनाअखेरीनंतर तिला वाटलं तरच ती बोलेल.

म्हणजे हातात चार रविवार.

"चार रविवारांत काय शिकणार, कपाळ?" थोरली बहीण म्हणाली. बायको गेल्यापासून तीच त्याचं घर बघायची.

"रंग शिकतो, ताई. मला दुसरं येतंय काय?"

विटलेले कोट, पडदे, चादरी रंगवून द्यायचं त्याचं दुकान. शेगडीवर दोन हंडे, मागच्या अंगणात दोऱ्या. शेगडीवरच्या भिंतीला त्याने आठ रंगांच्या स्पॅनिश नावांचा कागद चिकटवला आणि हंडा ढवळता ढवळता घोकायला लागला. काळा, काळी, काळे आपल्याकडेही आहेतच, त्यामुळे त्याचं फारसं अडलं नाही. फक्त वस्तूंनी घोळ घातला.

"सदरा तिकडे बाई आहे, ताई. पांढरा सदरा म्हणजे कामिसा ब्लांका. बूट बाप्ये, आणि दोन, म्हणून काळे बूट सापातोस नेग्रोस."

"सदऱ्याची बाई केली? मेल्यांना उद्योग नाहीत!"

"आणि निळा, आसुल, तो बाई-बाप्या बघतच नाही. एक की अनेक, एवढंच विचारतो."

"शहाणा आहे," ताई म्हणाली.

पहिल्या रविवारी तो पिवळ्यावर अडखळला. दुसऱ्या रविवारी नातीने खेळणी आणून पडद्यासमोर धरली. तिसऱ्या रविवारी त्याने तिच्या लाल टोपीला 'रोहो' म्हणून पुरुष केलं, तेव्हा ती खो-खो हसली. "रोहा, आबुएलो, रोहा!" आबुएलो म्हणजे आजोबा. लाटणं हातात घेऊन ताई बघायला आली. दोन वर्षांत त्या घरात कुणी इतकं हसलं नव्हतं.

चौथ्या रविवारी नात नवा झगा घालून आली. बापाचं दुसरं लग्न ठरलं होतं. गिरकी घेऊन तिने विचारलं, "दे के कोलोर?" कोणता रंग?

झगा बाप्या, एकच. वेस्तीदो ब्लांको. शब्द जिभेवर तयार होते. पण झगा त्याला पांढरा दिसेना. सायीसारखा, किंचित पिवळसर. की मागच्या दिव्याचा पिवळेपणा होता तो? चाळीस वर्षांत दिव्याखाली बघून त्याने कुठल्या कापडाचा रंग सांगितला नव्हता. तो पडद्यावर वाकला, चष्मा पुसला, हाताने तिला खिडकीकडे जायची खूण केली. तिला ती कळली नाही. तिने पुन्हा विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून, जसं मठ्ठ पोराला विचारतात.

"उजेडात ये गं जरा," तो मराठीतच म्हणाला.

तिने मागे वळून कुणाला तरी काही सांगितलं. एक बाई हसली. मग पडद्यावर नुसतं छत दिसलं आणि फोन बंद झाला.

"अरे, पांढरा म्हणायला काय जात होतं तुझं?"

"पांढरा नव्हता तो."

"नसू दे! ती काय गिऱ्हाईक होती?"

तो उठून मागच्या अंगणात गेला. जेवायलाही बसला नाही.

पुढच्या रविवारी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तो फोनसमोर बसला. फोन आला नाही. त्याने केला. वाजून वाजून थांबला. पुन्हा केला. दुपारी जावयाचा निरोप आला. तो त्याने ताईला वाचून दाखवला. शनिवारी लग्न आहे, घरात गडबड आहे, नंतर बघू.

"नंतर म्हणजे कधी?"

"ते लिहिलं नाही," तो म्हणाला.