तारखेआधीची जकात

दोघी जावा एकाच घरात राहायच्या. थोरली घरी शिलाईकाम करायची, धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. थोरलीची जकातीची, म्हणजे इस्लाममध्ये वर्षातून एकदा द्यायच्या बंधनकारक दानाची, तारीख ठरलेली होती, रज्जब महिन्याची नववी. त्या दिवशी तिच्याजवळचं सोनं पहिल्यांदा जकात लागू होण्याइतकं भरलं होतं. तेव्हापासून दर चांद्रवर्ष पुरं झालं की ती मशीन बंद करून हिशेबाला बसायची आणि रक्कम खालच्या मजल्यावरच्या विधवा इस्त्रीवालीला द्यायची. इस्त्रीवाली मग चार घरी तिचं नाव घ्यायची. त्या नावावर थोरलीचा भारी जीव.

यंदा तारखेला दोन महिने असताना इस्त्रीवालीची इस्त्रीच जळाली. कपड्यांचे गठ्ठे पडून राहिले, गिऱ्हाइकं फिरकेनात. धाकटीची तारीख तर थोरलीच्याही नंतरची. पण तिने आपली जकात आताच देऊन टाकली. नवी इस्त्री आली आणि जिन्यात धाकटीचे गोडवे सुरू झाले. थोरलीच्या पोटात दुखू लागलं.

"वर्ष भरायच्या आत दिलेली धरत नाहीत," तिने ठणकावलं. "तारखेला पुन्हा द्यावी लागेल."

धाकटीचा चेहरा उतरला, तेव्हा कुठे थोरलीला दोन घास गोड लागले.

तरी खात्री हवी म्हणून गुरुवारी ती मौलवीसाहेबांकडे गेली. त्यांनी सांगितलं, की जवळ तेवढं सोनं असेल तर वर्ष भरण्याआधी दिलेलीही चालते. तारीख उलटल्यावर विनाकारण रेंगाळणं मात्र बरं नाही. थोरली मूग गिळून घरी आली. शुक्रवार गेला, शनिवार गेला.

रविवारी धाकटी आरशापुढे कानातले काढताना दिसली. तारखेपर्यंत पुन्हा तेवढी रोकड जमणार नव्हती, म्हणून ते विकायला सोनाराकडे निघाली होती.

"घाल ते परत," थोरली दारातूनच म्हणाली. "तुझी जकात झाली. मी विचारून आले."

"कधी विचारलंत, भाभी?"

"गुरुवारी."

धाकटीने एकेक करून कानातले घातले आणि भाजी चिरायला बसली. तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटलं.

रज्जबची नववी आली. इस्त्रीवालीचा धंदा आता जोरात होता; माझ्याहून अडलेलं कुणी बघा, असं तीच म्हणाली. थोरलीने रक्कम एका अंथरुणाला खिळलेल्या रंगाऱ्याच्या घरी दिली. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, तिनेही नाव सांगितलं नाही. परतताना मात्र, आपण नाव सांगितलं नाही हे कुणाला तरी सांगावं, असं तिला राहून राहून वाटत होतं. घरात धाकटी एकटीच होती. थोरली काही न बोलता तिच्याशेजारी कांदे सोलायला बसली.