त्यागीजींचा फवारा आणि खाली गेलेला पाइप

लोक दिल्लीला जाऊन लाल किल्ला पाहतात. मी पहिल्याच सकाळी पाहिला तो एका डिझेल पिकअपचा मागचा पत्रा, आणि तोही अगदी नाक लावून. जानेवारीचे धुके असे दाट की पत्र्यापलीकडे राजधानी आहे यावर नुसता विश्वास ठेवायचा. माझ्या डाव्या हाताला बॅनर्जीबाबू माकडटोपी घालून ढकलत होते, उजव्या हाताला तमिळनाडूचे सुब्रमण्यम, आणि त्यांच्या पलीकडे बिहारचे झासाहेब. लक्ष्मीबाई नगरात केंद्र सरकारचे नोकर राहतात, देशाच्या कानाकोपऱ्यातून बदलून आलेले. राष्ट्रीय एकात्मतेवर मी माझ्या गावी, नगरमध्ये, पुष्कळ भाषणे ठोकली आहेत. ती एकात्मता धाप लागलेली मात्र इथेच पाहिली.

"दादा, जोर लाव!" स्टिअरिंगवरून माझी धाकटी बहीण शांता ओरडली. "तोंडाने नको, हाताने!"

गाडीने पांढऱ्या धुराचा एक भपकारा माझ्या तोंडावर सोडला, दोनदा खोकली आणि चालू झाली. मी धावत जाऊन शेजारच्या सीटवर उडी मारली. उडी नाटकात मारतो तशी मारली, पण डोके दारावर आपटले.

मी आदल्या संध्याकाळीच नगरहून उतरलो होतो. तिथे माझे कापडाचे दुकान आहे, आणि हौशी रंगभूमीवर खलनायक म्हणून थोडे नाव आहे. शांता माझ्यापेक्षा वेगळी, बोलते कमी आणि करते जास्त. तिने शाळेतली नोकरी सोडून मराठी नाश्ता पुरवण्याचा धंदा काढला होता. मेव्हणे दाविदराव सरकारी नोकर, त्यांनी ऑफिसची रीतसर परवानगी मागितली. ती येईपर्यंत शांताचे जुनी पिकअप घेऊन, रंगवून, चालवायलाही शिकून झाले होते. सध्या गुरगावातल्या एका नव्या ऑफिसच्या कँटीनला तिचा नाश्ता चाचणीदाखल जात होता. आवडला आणि वेळेवर आला तर कायमचे काम.

नाश्ता आवडत होता. वेळेचे काय होते ते मी नुकतेच ढकलून आलो होतो.

गुरगाव हे एक अजब ठिकाण आहे. मोहरीच्या पिवळ्या शेतातून रस्ता जातो, म्हशी आडव्या येतात, आणि मध्येच काचेची एक इमारत उभी असते, लग्नाच्या घोड्यावरून उतरून वरात चुकलेल्या नवरदेवासारखी. बाजार खुला झाला असे आपण पेपरात वाचतो. तो कुठे खुला झाला हे मला इथे दिसले. जिथे तिथे प्लॉटच्या पाट्या, आणि पाटीखाली हुक्का ओढत बसलेले आजोबा.

कँटीनचे मॅनेजर भल्लासाहेब दारातच घड्याळाकडे बघत होते.

"मॅडम, आपका पोहा फर्स्ट क्लास है," ते म्हणाले. "लेकिन स्टाफ ने बाहर जाकर छोले-कुलचे खा लिए. दूसरी बार लेट हो. सोमवार को फिर लेट हुआ तो मैं किसी और को बुला लूँगा. बिल्कुल."

 परतताना शांताने एकदाच म्हटले, "शाळेत माझ्या जागी दुसरी बाई आली, दादा. परत जायला तिथे दार नाही." आणि गिअर बदलला.  

गाडीच्या दुखण्याचे निदान करायला दाविदरावांच्या ऑफिसातल्या कुणीतरी गाझियाबादच्या त्यागीजींचे नाव सुचवले. रविवारी सकाळी एकात्मता पथकाला पुन्हा पाचारण करून आम्ही दोघे भावंडे निघालो. यमुनेचा पूल ओलांडला, पलीकडे नव्या सोसायट्यांचे सांगाडे, बांबूच्या परांच्या, विटांचे ढीग. पुलाच्या चढावर एक सायकल रिक्षा आमच्या पुढे गेली. रिक्षावाल्याने वळून सहानुभूतीने पाहिले.

वाटेत बेडमी खाल्ली (डाळ भरलेली कडक पुरी, बटाट्याच्या झणझणीत रश्शाबरोबर). शांता चवीने खात होती आणि मनातल्या मनात मसाले मोजत होती.

त्यागीजी म्हणजे गोरेपान, मिशीला पीळ दिलेले, अंगावर स्वेटर आणि त्यावर गमछा (खांद्यावरचे लांबट उपरणे). त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. आधी डोळे मिटून आवाज ऐकला. मी ओळखले, हा आपल्याच जातीचा माणूस आहे, नट आहे!

"सुबह पहली बार में तंग करती है, फिर दिन भर ठीक?" त्यांनी विचारले.

"हो. म्हणजे हाँ जी," शांता म्हणाली.

"धुआँ सफ़ेद?"

"माझ्या तोंडावर आला तो पांढराच होता," मी मराठीतून साक्ष दिली.

"बस! नोज़ल मूत रहे हैं."

शांताने माझ्याकडे पाहावे लागू नये म्हणून आभाळाकडे पाहिले. त्यागीजींनी चारही इंजेक्टर काढले. इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी पिचकारी, नोझल म्हणजे तिचे तोंड. ते एकेक करून हातपंपाच्या यंत्रावर बसवून त्यांनी दांडा दाबला. पहिल्या दोनांतून बरा फवारा आला. तिसऱ्यातून थेंब. चौथ्यातून तर नळ गळावा तशी धार.

"देखा? इसको जलाना है डीज़ल, और यह पिला रहा है!"

मग त्यांनी सुचवले की नुसते तेच बदलू नका. या इंजिनाला नव्या पद्धतीचे, जास्त छिद्रांचे नोझल बसतात. फवारा बारीक पडतो, ताकद वाढते. शांताने बराच वेळ प्रश्न विचारले. डिझेल जास्त खाईल का, इंजिन तापेल का, भरलेली पातेली घेऊन चढ चढेल का. शेवटी ती म्हणाली, "लगा दीजिए. चारों."

नवा नोझल यंत्रावर चढला. त्यागीजींनी बाह्या सारल्या, माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि दांडा दाबला. फुस्स! डिझेलचे नाजूक धुके हवेत फुलले आणि उन्हात क्षणभर चमकले. मी उत्स्फूर्तपणे "वाहवा!" म्हणालो. त्यागीजींनी कमरेत वाकून दाद स्वीकारली. शांता म्हणाली, "तुमचं झालं असेल तर बसवा आता."

परतीचा प्रवास म्हणजे विजययात्रा होती. पुलाच्या त्याच चढावर आम्ही दोन ट्रक आणि एका मंत्रालयाची पांढरी गाडी मागे टाकली. शांता हसत होती. लहानपणी चिंचेच्या झाडावर माझ्याहून उंच चढायची तेव्हा अशी हसायची.

सोमवार उजाडला. पोहे तयार, साबुदाण्याचे वडे टोपलीत, पातेल्यांना फडकी बांधलेली. शांताने किल्ली फिरवली.

घर्र्र घर्र्र घर्र्र. आणि काही नाही.

तिने पुन्हा फिरवली. तिचा चेहरा पाहवेना. नवे नोझल घालूनही गाडीचा तोच हट्ट! मी शेजारी झासाहेबांकडे धावलो, कारण फोन त्यांच्याकडे होता, आणि त्यागीजींना झोपेतून उठवले. ते दुकानाच्या वरच राहतात.

"हें? नहीं हुई?" फोनमध्ये मिशी खाली आल्याचा आवाज झाला. मग ते गरजले, "अरे भाई साहब, रात में पाइप खाली हो जाता होगा! टंकी वाला! पाइप देखो!"

मी फोन ठेवला आणि बाणासारखा परत आलो. पाइप खाली जातो! बाप रे! मग तो खालीच बघायला हवा. मी नगरहून आणलेला लोकरीचा कोट घातलेला, तसाच थंडगार रस्त्यावर आडवा झालो आणि गाडीखाली सरपटत शिरलो.

"दादा, काय करतोयस?" वरून शांताचा आवाज.

"पाइप खाली गेलाय म्हणतो!"

 मग "अरे देवा," असा सुस्कारा. "दादा, हिंदीत खाली म्हणजे रिकामा! रात्रीत पाइपातलं डिझेल टाकीत परत जातं आणि पाइप रिकामा होतो, म्हणतायत ते. बाहेर ये."

पण तोवर मी शोधून काढला होता. पाइप आपल्या मराठीतही खाली गेला होता! टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीची पकड सुटून ती लोंबकळत होती, आणि लोखंडी नळीला जिथे ती जोडली होती तिथे तोंडाशीच तिला भेग पडली होती. भेगेभोवती ओलसर धूळ चिकटलेली. रात्रभर तिथून हवा आत शिरायची आणि डिझेल खाली उतरायचे. म्हणजे रिकामाही खरा आणि खालीही खरा. दोन भाषांचे एकमत इतक्या लवकर एरवी होत नाही.

"शांते, सुरी दे!"

"कसली?"

"कांद्याची! आणि स्क्रू फिरवायला काहीतरी!"

मी भेगेचा तुकडा कापला, थोडे डिझेल बाहीत घेतले, उरलेली नळी चढवली आणि पकड आवळली. नळी लांब होती म्हणून बरे. दाविदराव लुंगीवर स्वेटर घालून धावत आले आणि फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबत बसले, आतली हवा बाहेर काढायला. बुडबुडे आले, कमी झाले, बंद झाले.

एव्हाना बॅनर्जीबाबू, सुब्रमण्यम आणि झासाहेब गाडीमागे रांगेत उभे होते, बाह्या सरसावून. "रेडी?" सुब्रमण्यमनी विचारले.

शांताने किल्ली जेमतेम फिरवली. ढुर्रर्र! पहिल्याच झटक्यात! आवाज असा कडक की झाडावरचे कावळे उडाले. गाडी पुढे गेली आणि तिघेही हात पुढे करून हवेत राहिले.

"अरे, रुको तो सही," झासाहेब दुखावल्या आवाजात म्हणाले.

गुरगावला आम्ही भल्लासाहेबांच्या आधी पोचलो. ते आले तेव्हा पोह्यांवर कोथिंबीर पेरून झाली होती.

"मॅडम, आज आप जल्दी?"

"नहीं सर," शांता म्हणाली, "आज आप लेट हैं."

भल्लासाहेब आधी चमकले, मग खो खो हसले. माझ्या डिझेलने माखलेल्या कोटाकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "ये कौन हैं?"

"हमारे इंजीनियर. महाराष्ट्र से बुलवाए हैं."

मी मान तुकवली. वडे संपले, पोहे संपले, आणि काम कायमचे झाले. त्याच आठवड्यात शेजारच्या काचेच्या इमारतीनेही दुपारच्या जेवणाचे विचारले. त्यागीजींना फोन केला तर ते म्हणाले, "मैंने बोला था ना!" मी म्हटले, बोललात खरे, पण ऐकले मी! दोघेही यशस्वी कलावंतांसारखे फोनवर तासभर भांडलो.

निघायच्या दिवशी शांता पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "दादा, स्टेशनवर रिक्षाने जाशील ना रे? पिकअपला वेळ नाही."

या शहरात येताना वाटले होते, बहिणीला आधार द्यावा, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात. प्रवासात माणूस काय काय घेऊन निघतो आणि त्यातले किती तसेच परत आणतो! बॅग उचलली, रिक्षा केली.

मोठ्या चौकात सिग्नल सुटला तेव्हा मागून ओळखीचा आवाज आला. आमची पिकअप रिक्षाच्या बाजूने सरसरत पुढे गेली. शांताने खिडकीतून हात काढून जोरात हलवला, हॉर्न वाजवला आणि थांबली नाही. मी रिक्षात अर्धवट उभा राहून टाळ्या पिटल्या.

"बैठ जाओ अंकल, गिर जाओगे," रिक्षावाला म्हणाला. "गाडी रोकूँ क्या? आपके घरवाले थे?"

"रोकना मत," मी म्हणालो. ती थांबली असती तर मला फार वाईट वाटले असते.