अंगठ्यानं तपासलेला पट्टा

जुनी डिझेल गाडी घेताना मी बॉनेट उघडलं, समोर दिसला तो पट्टा अंगठ्यानं दाबला आणि 'टायमिंग बेल्ट एकदम टकाटक आहे' असा निकाल दिला. तो डायनामोचा पट्टा होता. टायमिंग बेल्ट झाकणाच्या आत असतो, बाहेरून दिसतच नाही, हे मला तीन महिन्यांनी सांगलीत कळलं.

साताऱ्यात फौजीची गाडी मिळाली की माणूस पुढचं विचारत नाही. आमची गाडी एका निवृत्त सुभेदारांची. रोज पुसलेली, कव्हर घालून ठेवलेली, बारा वर्षांत जेमतेम चाळीस हजार किलोमीटर फिरलेली. बेल्ट कधी बदललाय, असं बायकोनं तेव्हाच विचारलं होतं. एवढ्या कमी चाललेल्या गाडीचा बेल्ट बदलतात का, असं म्हणून मी तिचं अज्ञान दूर केलं होतं.

सांगली हे माझं सासर. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं. आधी दोनदा त्यांनी ते टाळलेलं. या वेळी जावयाच्या गाडीतून, धक्का न लागता जायचं, या अटीवर त्या तयार झाल्या. आदल्या दिवशी ऑइल बदलायला मी गाडी जवळच्या गॅरेजात नेली.

तिथल्या वयस्कर चाचांनीही बेल्टचंच विचारलं. मी ऐटीत डायनामोचा पट्टा दाखवला. चाचा हसले नाहीत, हेच मला जास्त लागलं. त्यांनी बाजूचं झाकण काढलं, पान्यानं इंजिन हळूहळू फिरवलं आणि टॉर्च मारून मला वाकायला सांगितलं. बेल्टच्या दातांच्या मुळाशी भेगाच भेगा.

मी म्हटलं, मिरज काय, इथंच तर आहे. उद्या जाऊन येतो, मग बदलू.

"सायेब, रबर हाय हे. उभ्या गाडीतबी म्हातारं होतंय. चालता चालता तुटला तर पिस्टन जाऊन व्हॉल्ववर आदळतोय. मग पट्ट्यावर भागत न्हाई, इंजिनच खोलावं लागतंय. कवा तुटंल ते मला सांगता येत न्हाई. तुमाला येत असंल तर न्या."

मी किल्ली त्यांच्या हातात दिली. नवा बेल्ट मागवून बसवायला दुसऱ्या दिवसाची दुपार होणार होती.

घरी हे सांगितलं तर सासूबाईंचा चेहरा चक्क उजळला. गाडी नाही म्हणजे आता पुढच्या महिन्यात बघू, असं त्या म्हणू लागल्या. मग मी त्यांना अंगठ्याची सगळी हकिकत सांगितली. चांगलं आहे, चांगलं आहे म्हणत राहिलो आणि इंजिनच घालवून बसणार होतो. तुम्हीही डोळ्याचं तसंच करताय, असंही म्हणालो.

"जावईबापू चुकलो म्हणत्यात," त्या लेकीला म्हणाल्या. "मग मलाबी रिक्षा चालंल."

सकाळी रिक्षानं गेलो. ऑपरेशन उत्तम झालं. संध्याकाळी त्यांना आणायला मात्र मी नवा बेल्ट घातलेली गाडी घेऊन हजर. येताना मी दोघींना पिस्टन, व्हॉल्व आणि बेल्टबरोबर वॉटरपंपही का बदलला, हे सगळं नीट समजावून सांगितलं. या विषयात आता मला कुणी हरवून दाखवावं. सांगली येईतो माझं बोलणं जेमतेम अर्ध्यावर आलं होतं.

सासूबाईंना हात देऊन उतरवताना बायको म्हणाली, "डॉक्टरांनी आईच्या डोळ्यांना आराम सांगितलाय. कानांनाही द्या थोडा."