टाकीतली दोघं

सोलापुरात गर्भ गोठवून ठेवायच्या लॅबमध्ये काम करते म्हटलं, की लोकांना वाटतं मी दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते. खरं तर निम्मा दिवस प्रश्नांची उत्तरं देण्यात जातो, आणि त्यातल्या निम्म्यांची उत्तरं मलाच येत नाहीत. किस्से तर इतके साठलेत, की वैराग गावच्या एका घराचेच सांगते, बाकीचे राहू देत.

सचिन आणि रूपाली. लग्नाला अकरा वर्षं. खूप खटपटीनंतर दोन गर्भ तयार झाले, ते आम्ही गोठवले. आणखी होतील ही आशा डॉक्टरांनी सोडलेली. जे काय होतं, ते नायट्रोजनच्या टाकीतल्या या दोन गर्भांवर.

पहिल्याच आठवड्यात सचिनचा फोन. "मॅडम, आमच्याकडं लाईट गेली. तुमच्याकडं हाय का?"

"अहो, टाकीला लाईट लागत नाही. आत नायट्रोजन असतो, त्यानंच गार राहतं."

"व्हय का? बरं, बरं."

पटलं वाटतं, म्हणून मी निवांत. चार दिवसांनी साहेब दारात इन्व्हर्टर घेऊन हजर!

मग ग्रहण आलं. सचिनच्या आई, द्वारकाबाई, मुद्दाम लॅबवर आल्या. गरोदर बाईनं ग्रहणात चिरायचं-कापायचं नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण इथं होणारी आई वैरागला आणि गर्भ सोलापुरात.

"मग गिराण पाळायचं कुणी? सुनंनं का टाकीनं?"

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले, मी डॉक्टरांकडं. "दोघींनी पाळायचं," मी म्हणाले. एमएस्सी झालेय मी, पण त्या दिवशी टाकी काही उघडली नाही.

पुढं रूपालीची तब्येत सुधारली, तेव्हा दोन्ही गर्भ वितळवले. एक छान फुलून आला, तो तिच्या पोटात सोडला. दुसरा काळवंडला, गेला. बाहेर द्वारकाबाई सुनेच्या ओटीसाठी खण-नारळ घेऊन बसलेल्या. मी दोन्ही बातम्या सांगितल्या.

"एक पोटात ग्येलं, एक तसंच ग्येलं. आता ओटी भरायची का सुतक धरायचं, मॅडम?"

मला रडूच आलं. ओटी त्यांनी माझ्या हातून भरवली. स्वतः मात्र तीन दिवस देवाला हात लावला नाही, हे रूपालीनं मला नंतर सांगितलं.

पंधरा दिवसांनी तिघं रिपोर्टला आले. पॉझिटिव्ह. रूपाली हसत होती की रडत होती, कळेना. द्वारकाबाईंनी मला हाताला धरून कोपऱ्यात नेलं आणि हळूच विचारलं,

"ऱ्हायलं ते थोरलं का धाकलं?"