उजवीकडची स्कूटर

रेसची सायकल घरी आली तेव्हा कॉलनीतल्या काकूंनी आईला विचारलं होतं, "अगं, हिला स्कूटी नाही का घेऊन दिली?" नाशिक रोडला आमच्या कॉलनीत मुलीने सायकल चालवायची ती शाळेपर्यंतच. त्यानंतरही चालवली तर घरात काहीतरी अडचण असणार, असं लोक धरून चालतात.

पहिलं वर्ष मी एकटी जायची. भल्या सकाळी सिन्नर फाट्यावरून पुढे, जमेल तितकं लांब. मग एकदा मोटरसायकलवरून दोघं आले, मागच्याने माझ्या पाठीवर सणसणीत थाप मारली आणि हसत पुढे निघून गेले. मी पडता पडता वाचले. घरी येऊन रडत रडत सगळं सांगितलं, आणि ते सांगणंच मला भोवलं. दुसऱ्या दिवशी बाबा हेल्मेट घालून खाली उभे. म्हणाले, "चल तायडे. आजपासून मी आहे बरोबर."

तेव्हापासून बाबांची स्कूटर रोज माझ्या उजव्या हाताला, अर्धं चाक मागे. डावीकडे रस्त्याची पांढरी पट्टी, तिच्यापलीकडे खडी. मधल्या दोन हात जागेत मी. ट्रक जायचे, बस जायच्या, टवाळ पोरं जायची, मला कुणी शिवत नव्हतं. उजवीकडून येणारा वारासुद्धा आधी बाबांना लागायचा. आमची खूणही ठरलेली होती. हॉर्न एकदा वाजला की डावीकडेच राहायचं. दोनदा वाजला की मागे मोकळं आहे, ये उजवीकडे. पुढे टेम्पो उभा असला की बाबा आरशात बघणार, दोनदा पीं-पीं करणार, आणि मी डोळे मिटून बाहेर निघणार. बाबांची नोटांच्या प्रेसमध्ये पहिली पाळी असली की सराव तिच्या वेळेत संपवायचा. माझे पाय कितीही ताजे असोत, बाबांनी घड्याळ दाखवलं की परत फिरायचं. मैत्रिणी म्हणायच्या, किती नशीबवान आहेस! होतेच मी. पण कधी कधी वाटायचं की या माणसाला एकदा तरी ताप यावा. असं वाटलं की मग दिवसभर स्वतःचाच राग यायचा.

या वर्षी आईने स्पष्ट सांगितलं, "राज्याच्या संघात घेतलं तर खेळ. नाहीतर सायकल विकायची आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा." बाबांचंही तेच होतं. निवड चांदवडच्या रेसमध्ये होणार होती. पहिल्या तिघी थेट संघात. चौथी जागा नंतरच्या चाचणीत ठरणार.

चांदवडला आधी पुरुषांची रेस झाली, मग आमची, तीही निम्म्या अंतराची. माइकवरचा माणूस म्हणाला, "मुलींचं पटकन आटपून घेऊ, मग बक्षीस समारंभ आहे." आटपून घेऊ! मी रात्री जेवताना मोबाइलवर परदेशातल्या बायकांच्या रेसेस बघते. दिवसामागून दिवस डोंगर चढतात, त्यांच्या मागे संघाच्या गाड्या असतात, रस्त्याच्या कडेला माणसं ओरडत असतात, आणि त्यांना या कामाचा पगार मिळतो. आणि इथे आम्हाला आटपायचं होतं, कारण पलीकडे कांद्याचे ट्रॅक्टर थांबवून ठेवले होते. असं डोकं फिरलं माझं! त्या रागातच मी पहिला चढ ओढला. वर पोचले तेव्हा आम्ही नऊ-दहा जणीच उरलो होतो.

पाय छान चालत होते. आमचे प्रशिक्षक सर शेवटच्या वळणावर उभे होते, ते ओरडले, "आता सोडू नकोस!" मी त्या घोळक्यात अगदी डाव्या कडेला होते. माझ्या पुढे पुण्याकडची एक उंच मुलगी, उजवीकडे कोल्हापूरची, डावीकडे खडी. पुढचीचा दम सुटत चालला होता. तिची मान खाली गेली होती, चाक डुलत होतं. कोल्हापूरची पुढे सरकली आणि माझी उजवी बाजू मोकळी झाली, बैलगाडी जाईल इतकी. मी तिथून बाहेर पडायला हवं होतं. अंगात जोर होता, आणि तरी मी त्या दमलेल्या मुलीच्या मागेच राहिले. उजवीकडून एक गेली, दुसरी गेली, मग आणखी दोघी. मी आपली तिथेच. मला वाटत होतं, आत्ता होईल, आत्ता होईल. काय होईल ते मात्र कळत नव्हतं.

मी सातवी आले.

संध्याकाळी सरांनी मोबाइलवर शेवटच्या किलोमीटरचा व्हिडिओ पाठवला. बाबांनी तो चष्मा लावून तीनदा बघितला. शेवटी हळहळून म्हणाले, "अगं, उजवीकडे केवढी जागा होती!"

माझा तोल सुटला. "उजवीकडे तुम्ही असता, बाबा!"

स्वयंपाकघरातून आई पोळीचं लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. "मी? मी तर शेवटच्या रेषेपाशी उभा होतो."

"तेच ना. तुम्ही नव्हता. हॉर्न वाजलाच नाही. मी हॉर्नची वाट बघत राहिले, बाबा."

हे मला बोलताना कळलं, त्याआधी कळलं नव्हतं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आई म्हणाली, "जेवून घ्या दोघं." आम्ही जेवलो. त्या दिवशी परदेशातल्या बायका बघायला मन झालं नाही.

चौथ्या जागेची चाचणी येत्या रविवारी आहे. बाबांना मी म्हटलं होतं, आता एकटीच जाते. आईने नाही म्हणून सांगितलं आणि बाबांनी तिच्या बाजूने मान हलवली. मग मधला मार्ग निघाला. बाबा येणार, पण उजवीकडे नाही, मागे. आणि हॉर्न अजिबात वाजवायचा नाही. काल तसे निघालो. देवळाली कॅम्पच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजवी बाजू इतकी उघडी वाटत होती की थंडी वाजली. सबंध रस्ता माझा होता, आणि मी पांढऱ्या पट्टीला चिकटून चालले होते.

बाजाराच्या अलीकडे पावाचा टेम्पो उभा होता. मी वेग कमी केला. आणखी कमी केला. शेवटी ब्रेक दाबून त्याच्या मागे पाय टेकून उभी राहिले. मागे बाबांची स्कूटरही थांबली. पाववाल्याने माझ्याकडे बघितलं, त्याला वाटलं गिऱ्हाईक आहे. मी मनात म्हणत होते, वाजवा ना, बाबा. एकदा वाजवा. इतकी वर्षं रस्त्यावर सायकल चालवतेय, आणि मान वळवून मागे बघायला मी कधी शिकलेच नव्हते. ते काम बाबांच्या आरशाचं होतं.

हॉर्न वाजला नाही.

मी मान वळवली. हँडल घट्ट धरलं होतं. बाबांचा अंगठा हॉर्नच्या बटणावर होता आणि ते तो दाबत नव्हते. डोळे भरले होते त्यांचे. त्यांच्या मागे पार वळणापर्यंत रस्ता रिकामा होता. रोजच असा रिकामा असायचा का, हे आता त्यांना विचारायची माझी हिंमत होत नाही.