समुद्रावरच्या कुरडया

माझ्या आईला, भागीरथाबाईला, निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा ती उकिडवी असायची, कधी उठावं लागेल याच्या तयारीत. आदिलाबादच्या आमच्या गल्लीतल्या बाया दुपारी ओसरीवर गप्पा मारत, त्यांच्यात आईही असायची, पण तांदूळ निवडत. घरचे तांदूळ संपले की शेजारणीचे निवडून द्यायची. गल्लीत तिचं फार कौतुक होतं. आमची मात्र पंचाईत होती, कारण तिच्या घरात आळस करायची सोयच नव्हती.

बाबा, म्हणजे भिवाजी गुरुजी, मराठी शाळेत भूगोल शिकवत. तीस वर्षं त्यांनी पोरांना समुद्र शिकवला, स्वतः पाहिला मात्र नव्हता. पैनगंगा हेच त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी, आणि मे महिन्यात तिच्यात म्हैससुद्धा नीट बुडत नसे. १९९३ साली, निवृत्तीला वर्ष उरलं असताना, त्यांनी सरकारी प्रवासाची सवलत पहिल्यांदाच घ्यायचं ठरवलं. शाळेतल्या तेलुगू मास्तरांच्या मेव्हण्याचं बापटल्याकडे समुद्राकाठी दोन खोल्यांचं कॉटेज होतं, ते आम्हाला चार दिवस मिळालं.

बाबांनी मला एकटीला गाठून सांगितलं, "मले समुद्राचं एवढं काही नाई. तुही माय एक संध्याकाळ रिकाम्या हातानं माह्याजवळ बसली पाह्यजे. बस्, एवढंच." मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. मला हे फार सोपं वाटलं.

आईनं आधी साफ नाही म्हटलं. बुद्धपौर्णिमा झाली की कुरडया करायच्या, हा तिचा दरवर्षीचा नेम. पाच घरी तिच्या कुरडया जात. भीमपूरचा डोमाजीमामा तर त्यासाठी पिशवी घेऊनच यायचा. "मी तिकडं गेली अन् मागून अवकाळी पानी आलं, तं कुरड्या कवा करू?" असं ती आठ दिवस म्हणत होती. मग एका सकाळी एकदम तयार झाली. आम्ही दोघं खूश. निघायच्या दिवशी कळलं, की तिनं दोन रात्री आधीच अडीच किलो गहू भिजत घातलेत आणि ते आमच्याबरोबर येणार आहेत.

कुरडईचे गहू तीन दिवस भिजावे लागतात, रोज पाणी बदलावं लागतं, मग ते वाटून त्यांचा चीक काढायचा. आईचं म्हणणं सरळ होतं: नाहीतरी प्रवासात आपण नुसतेच बसणार, तेवढ्यात गहू तरी भिजतील. झाकणाचा मोठा डबा तिच्या मांडीवर आणि कुरडया पाडायचा सोऱ्या ट्रंकेत, माझ्या नव्या ड्रेसच्या खाली. नेरडीगोंड्याजवळ बस उसळली आणि डब्यातलं पाणी पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मानेवर गेलं. भिजल्या गव्हाचा आंबूस वास ज्यानं घेतलाय त्यालाच तो कळेल. कंडक्टर नाक धरून आला, तेव्हा बाबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "दवा है. घुटने की." पुढे सिकंदराबादच्या प्लॅटफॉर्मवर लोक नळाला प्यायचं पाणी भरत होते आणि माझी आई रांगेत उभी राहून गहू धूत होती. मी दहा पावलं लांब उभी राहिले, कुणाला आमचं नातं कळू नये म्हणून.

समुद्र कॉटेजपासून पन्नास पावलांवर होता. बाबा अर्धा तास नुसते पाहत उभे राहिले. आईनंही पाहिला. "लय मोठा हाये," म्हणाली आणि कॉटेजच्या राखणदाराच्या बायकोकडे पाटा मागायला गेली. आईचं तेलुगू भाजीबाजारापुरतं होतं, पण दोघींचं लगेच जमलं. संध्याकाळपर्यंत गहू वाटून झाले, रात्रभर चीक खाली बसला आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आईनं तो शिजवून राखणदाराच्या दोन बाजांवर जुनी लुगडी अंथरून कुरडया पाडल्या. एकेक अशी गोल, की गल्ली असती तर बघायला आली असती. पलीकडे कोळ्यांनी वाळूवर मासे वाळत घातले होते. ते दाखवून आई म्हणाली, "मासोळ्या वाळून राह्यल्या, मंग माह्या कुरड्या काऊन नाई वाळनार?"

बाबांनी त्या दिवशी चार वेळा हाक मारली. चारही वेळा "येते, येते" म्हणून ती कावळे हाकलत राहिली. संध्याकाळी राखणदाराची बायको आली आणि बाजा आत घ्या म्हणून खुणा करायला लागली. आई नुसती हसली. आमच्याकडे वैशाखात वाळवण रात्रीही उघड्यावरच असतं, माणसं त्याच्या शेजारीच झोपतात आणि सकाळी कुरडईला बोट लावलं की ती कडकन मोडते. असं ऊन आणि अशी रात्र तिनं सबंध जन्म पाहिलेली. कुरडया बाहेरच राहिल्या. सकाळी पाहिलं तर त्या मऊ पडलेल्या, दमट. "आज वाळतेत," म्हणाली. दिवसभर वरून जरा वाळल्या, तर रात्री पुन्हा तेच. चौथ्या दिवशी सकाळी त्या लुगड्याला चिकटल्या होत्या आणि त्यांवर करडी बुरशी धरली होती.

मी बाबांकडे पाहिलं. ते चहाच्या कपात काहीतरी शोधत होते. सातवीला मी त्यांच्याच वर्गात होते. समुद्रकाठची हवा दमट असते, हे त्यांनी माझ्याकडून पाच वेळा लिहून घेतलं होतं. मला राहवलं नाही, मी ते बोलून दाखवलं.

आई हळूच म्हणाली, "तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं, तं तू आली असती काय?" बाबा म्हणाले. "अन् मले वाटलं, कुरड्या गेल्या का तुले काही काम राहनार नाई. मंग बसशीन."

आईनं कुरडया गोळा करून राखणदाराच्या गाईपुढे टाकल्या. लुगडी धुतली. कॉटेज झाडलं, राखणदाराचं अंगणही झाडलं. चार वाजता खरंच काही उरलं नाही. बाबा वाळूवर जाऊन बसले होते. ती गेली आणि त्यांच्यापासून हातभर लांब उकिडवी बसली. मी मागे चपला घेऊन उभी होते आणि आता आपण जिंकलो, असं मनात म्हणून हसत होते.

"नीट बस ना," बाबा म्हणाले.

"नाई बसता येत मले," आई म्हणाली. "भेव वाटते."

"कायचं?"

"आमी लहान होतो तं भीमपूरच्या पाटलाच्या वावरात कापूस येचाले जाओ. बसलेली बाई दिसली, का दुसऱ्या दिसी तिले कामाले बलावत नव्हते. माही माय एकदा ताप आला म्हून बांधावर बसली. आठ दिस कोनी बलावलं नाई आमाले. तवापासून माय म्हने, कोनी येताना दिसलं का हातात काहीतरी घे. रिकामी दिसू नको."

माझं हसू तिथेच थांबलं. इतकी वर्षं मी तिच्या तांदूळ निवडण्याची नक्कल करून मैत्रिणींना हसवत होते, आणि मला फार लाज वाटली. बाबांचा चेहरा तर पाहवत नव्हता. तीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"माह्यं चुकलं, भागीरथा," ते म्हणाले. "तुह्या कुरड्या मी उगाच नासवल्या. रिकाम्या हातानं नको बसू. मी हातात काही आनून देतो तुले." ते खरंच उठायला लागले. आजूबाजूला वाळूशिवाय काही नव्हतं, तरी उठायला लागले.

आईनं त्यांचं मनगट धरून त्यांना खाली बसवलं. मग दोन्ही पाय लांब केले आणि वाळूवर पूर्ण टेकली. एक लाट पायांपर्यंत आली, तिनं पाय मागे घेतले नाहीत. दोन कोळिणी टोपल्या घेऊन समोरून गेल्या. तिच्याकडे पाहत पाहत गेल्या, आणि आई त्यांच्या देखत तशीच बसून राहिली.

"पाहू द्या त्याईले," ती म्हणाली. "उद्या नाई बलावलं कोनी, तरी चालते मले."