पायांसाठी तीस पट्ट्या

रविवारी माझी मुलगी गेली. आदल्या दिवशी, शनिवारी, मानपाड्याच्या सुताराने पट्ट्यांचं काम पुरं केलं होतं.

फोन रात्री आला. आम्ही जेवून उठलो होतो. बोलणारे फादर मूळचे केरळचे; जर्मनीतल्या ज्या तीन गावांत माझी मुलगी ऑर्गन वाजवायची, त्याच तीन गावांचे ते धर्मगुरू होते. ते इंग्रजीत आणि सावकाश बोलत होते. दुसऱ्या गावातली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपवून ती तिसऱ्या गावाला निघाली, रस्त्यावर बर्फ गोठला होता, गाडी झाडावर गेली, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना विचारलं, तिसऱ्या गावातली मिस्सा झाली का? हा प्रश्न मी का विचारला, ते मला आजही सांगता येत नाही. ते म्हणाले, झाली. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग ऑर्गनशिवाय गायले.

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणं ही तिची नोकरी होती. ठाण्यात हे कुणालाही एकदा सांगून कळत नसे. माझा मेव्हणा दर नाताळात तेच विचारायचा.

"वाजवते ते ठीक आहे हो भावोजी. पण करते काय?"

"तेच करते."

"म्हणजे आपल्या सिस्टर जे फुकट करतात, ते तिथे डिग्री घेऊन करायचं!"

सगळे हसायचे. मीही हसायचो. ती तिथे नसायचीच. नाताळ आणि ईस्टर म्हणजे ऑर्गनवाल्यांच्या कामाचे दिवस. घर सोडल्यापासून एकाही नाताळाला ती घरी आली नाही.

ऑर्गनला हातांसाठी पट्ट्यांच्या दोन किंवा तीन ओळी असतात आणि खाली पायांसाठी एक. पायांच्या पट्ट्या लाकडी, हातभर लांब, तीस. खालचे जाड सूर पायांनी वाजवायचे, चवड्यांनी आणि टाचांनी, खाली न बघता. डोळे पुढच्या कागदावर आणि वर टांगलेल्या आरशात. वाजवणाऱ्याची पाठ वेदीकडे असते, त्यामुळे फादर काय करताहेत ते आरशातच दिसतं. खाली बघायला तिसरे डोळे नसतात, असं ती म्हणायची.

आमच्या खाडीकाठच्या चर्चमध्ये एक इलेक्ट्रिक कीबोर्ड आहे. माळ्यावर एक जुनी पायपेटी आहे, तिचा भाता उंदरांनी खाल्ला आहे. मुलगी दहाव्या वर्षी कीबोर्डवर बसली. कॉन्व्हेंटच्या एका सिस्टरनी तिला शिकवलं, पुढे पियानोच्या परीक्षा झाल्या. विज्ञानाची पदवी घेतल्यावर तिने आम्हाला सांगितलं की तिला जर्मनीत चर्चचं संगीत शिकायचं आहे. तिथे त्याचं रीतसर शिक्षण असतं. चार वर्षं शिकून एक परीक्षा, तिच्यावर लहान गावातली नोकरी मिळते. आणखी दोन वर्षं शिकून वरची परीक्षा, ती झाली तर शहरातलं मोठं चर्च. नुसतं वाजवणं नाही. गायनवृंद उभा करायचा, मुलांना गायला शिकवायचं, फादरांनी सांगितलेल्या गीताआधी चार ओळी जागच्या जागी रचून वाजवायच्या. प्रवेशपरीक्षेतच हे सगळं थोडं थोडं करून दाखवावं लागतं. आणि पाय.

पाय शिकायला ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकही जागा नव्हती. मला तरी सापडली नाही. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. अडलं की पुस्तक शोधायचं, एवढंच मला येतं. रद्द करायच्या पुस्तकांच्या ढिगात मला ऑर्गन बांधण्यावरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात पायांच्या पट्ट्यांची पूर्ण आकृती होती, मापांसकट. मी ती ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली आणि कॉलेजची कपाटं बनवणाऱ्या सुताराकडे गेलो. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मानपाड्याला एका शेडमध्ये तो कारखान्यांसाठी लाकडी खोकी ठोकायचा.

त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"सर, ही शिडी आहे का पलंग?"

"बाजा आहे. पायांनी वाजवायचा."

"आवाज कुठनं येनार?"

"येणार नाही. नुसता सराव करायचा."

"मुका बाजा," तो म्हणाला. "बनवू. पन कुनाला सांगू नका मी बनवला म्हनून."

कल्याणच्या वखारीतून सागाचे तुकडे आणले. स्प्रिंगा त्याच्या शेजारच्या वर्कशॉपमधून. मी प्रत्येक माप तीनदा तपासलं. सुतार वैतागला. "सर, तुमी कॉलेजात पोरांचे पेपर पन असेच तपासता का?" मी ग्रंथपाल आहे, पेपर तपासत नाही, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. सगली नापास झाली असती."

पट्ट्या पंख्यासारख्या झाल्या. बसणाऱ्याच्या बाजूला एकमेकींच्या जवळ, पुढे जाताना फाकत गेलेल्या, दोन्ही कडांना थोड्या उचललेल्या. आकृतीत तशाच होत्या. टेरेसच्या खोलीत ठेवून मुलीने त्यांच्यावर दोन वर्षं सराव केला. रोज सकाळी दीड तास. खालून फक्त लाकडाचा खटखट आवाज यायचा. शेजारच्या बाईंनी एकदा माझ्या बायकोला विचारलं, "तुमच्याकडे वर मसाला कुटतात का हो?"

जर्मनीतल्या ऑर्गनला पट्ट्या सरळ असतात. एकमेकींना समांतर, इथून तिथून सारख्या अंतरावर. पंख्यासारख्या असतात त्या इंग्लंडमध्ये. माझं पुस्तक लंडनला छापलेलं होतं. तीस वर्षं मी प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर प्रकाशनाचं गाव लिहीत आलो. या एका पुस्तकाचं गाव मी वाचलं आणि त्याचा विचार केला नाही.

तिला ते परीक्षेच्या आदल्या दिवशी तिथे पोचल्यावर कळलं. एका दिवसात पाय बदलत नाहीत. हात बरोबर गेले, गाणं बरोबर गेलं, पण डावा पाय टोकाच्या सुरांकडे गेला की दोन पट्ट्यांच्या मध्ये पडत होता. वाजत एक नव्हती, दोन वाजत होत्या. परीक्षकांनी तिला मध्येच थांबवलं. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"डॅडी, तुम्ही लायब्ररियन ना? पुस्तक कुठे छापलंय ते बघितलं नाही?"

मी फोन कानाशी धरून पुस्तकाचं पहिलं पान उघडलं.

"दोन वर्षं मी चुकीचं शिकले. रोज. आणि आवाज नव्हता म्हणून कळलं पण नाही."

माझ्या बायकोने फोन घेतला आणि परत ये म्हणाली. ती आली नाही. एका वृद्धाश्रमात वर्षभर स्वयंसेविका म्हणून राहिली. राहायला खोली होती, जेवण होतं. पहाटे त्या गावच्या चर्चची किल्ली घेऊन माळ्यावर जायची. हिवाळ्यात तिथे हीटर लावत नसत. बोटं कापलेले हातमोजे घालून ती बसायची. तिथल्या ऑर्गनिस्ट बाई तिला शिकवत; त्यांनी सांगितलं होतं, आधी हे पाय विसर. विसरायला एक वर्ष गेलं. दुसऱ्या वेळी तिला प्रवेश मिळाला.

तिने त्या गोष्टीवरून मला पुन्हा कधी टोमणा मारला नाही. मला तेही जड जायचं.

चार वर्षांनी ती पास झाली आणि तिला ती तीन गावांची नोकरी लागली. पूर्वी प्रत्येक गावाला आपला ऑर्गनिस्ट होता, आपला फादर होता. आता चर्चला येणारी माणसं थोडी, म्हणून तिन्ही मिळून एक फादर आणि एक ऑर्गनिस्ट, तीही अर्ध्या वेळेची. रविवारी साडेआठला पहिलं गाव, दहाला दुसरं, सव्वाअकराला तिसरं. ऑर्गनसाठी पातळ चामडी तळव्याचे वेगळे बूट असतात. ते रस्त्यावर घालायचे नसतात, खडा लागला तर पट्टीवर ओरखडा येतो आणि तळवा घसरतो. माझ्या बायकोने तिला बुटांसाठी कापडी पिशवी शिवून दिली होती. दर गावात तिने बूट काढायचे, घालायचे, काढायचे. मयतं सगळ्यात जास्त असतात, असं ती सांगायची. लग्नाला लोक आता रेकॉर्ड लावतात, पण मयताला अजून तिला बोलावतात.

हे फार दिवस चालणार नाही, हे तिला दिसत होतं. वरची परीक्षा द्यायची, मोठ्या चर्चमध्ये एका जागी बसायचं, असं तिने ठरवलं. त्या अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा जूनमध्ये होती. ईस्टरनंतर तिची साठलेली रजा होती. तिची आई म्हणाली, मग ये की दीड महिना. ती म्हणाली, "कशी येऊ मम्मी? दीड महिना पाय बंद राहिले तर परीक्षेत काय वाजवू? दहा दिवस येते." आणि मग, हसत, "घरी सरळ पट्ट्या असत्या तर राहिले असते."

ती सहज बोलली. मी दुसऱ्या दिवशी पट्ट्या टेम्पोत घालून मानपाड्याला नेल्या.

सुतार आता म्हातारा झाला आहे. त्याने मला ओळखलं, बाजा आधी ओळखला.

"पयल्यांदा पंखा केला. आता काय करायचंय?"

"सरळ करायचंय. सगळ्या सारख्या अंतरावर."

"म्हंजे फणी." त्याने एक पट्टी दाबून पाहिली. "पोरगी वाजवते का अजून?"

"तिथे नोकरी आहे तिला."

"मुक्या बाज्यावर शिकून?" तो म्हणाला. "मग माजं नाव सांगा कुनाला पन."

या वेळी मी पुस्तक उघडलं नाही. मुलीने तिच्या स्वतःच्या ऑर्गनला टेप लावून मापं पाठवली. पहिल्या पट्टीच्या मध्यापासून शेवटच्या पट्टीच्या मध्यापर्यंत एकशे नऊ सेंटिमीटर आणि साडेसहा मिलिमीटर. "तेवढं एक बरोबर आलं की बाकी सगळं बरोबर," असं तिने लिहिलं. चौकट नवी करावी लागली. मी आठवड्यातून दोनदा कल्याण-शीळ रस्त्याने बसने जायचो, शेडमध्ये स्टुलावर बसायचो, काम बघायचो. तिच्या आईने दीड महिन्याच्या हिशोबाने टेरेसची खोली साफ करून घेतली, पडदे शिवले.

शनिवारी काम झालं. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"झालं का? फोटो पाठवा."

"ये आणि बघ."

"डॅडी, फोटो पाठवा ना. अंतर मोजलंत?"

"पॉलिश ओलं आहे. वाळलं की मोजतो."

"मागच्यासारखं नको हं," ती म्हणाली. हसत म्हणाली असावी. फोनवर नीट कळत नाही. मग उद्या तीन मिस्सा आहेत, लवकर झोपायचंय, असं म्हणून तिने फोन ठेवला. फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. मी दुपारीच काढला होता. तिने दारातून आत येऊन पट्ट्या पाहाव्यात असं मला वाटत होतं, म्हणून मी तो पाठवला नाही.

तिला इथे यायला अकरा दिवस लागले. सोबत तिचं सामान आलं. कापडी पिशवीत तिचे रस्त्यावरचे बूट होते. म्हणजे दुसऱ्या गावातून निघताना तिने बूट बदलले नव्हते; ऑर्गनच्याच बुटांत ती गाडी चालवत होती. बदलायला दोन मिनिटं लागतात. ती त्याबाबत फार काटेकोर होती. माझ्या बायकोने पिशवी उघडून पाहिली आणि पुन्हा बांधली.

तिच्या मयताला आमच्या चर्चमध्ये कीबोर्डवर त्याच सिस्टर बसल्या, ज्यांनी तिला पहिली पट्टी दाखवली होती. त्यांचं वय झालं आहे, बोटं वाकली आहेत. गाणी फार हळू झाली. लोक पुढे जात होते आणि त्या मागे राहत होत्या. खालचे सूर नव्हते. त्याआधी मला ते कधी जाणवलं नव्हतं. मातीनंतर सिस्टर माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मला माफ करा. मला पाय येत नाहीत."

सुतार मयताला आला नव्हता, त्याला कुणी कळवलंच नव्हतं. महिन्याभराने त्याने स्वतः फोन केला. "सर, तुमचा बाजा पडून आहे. जागा अडते." मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी आनून टाकतो." त्याने टेम्पो आणला, दोन माणसांना घेऊन पट्ट्या वर चढवल्या, चहा घेतला नाही.

केरळचे फादर अजून कधी कधी फोन करतात. ऑर्गनिस्टच्या जागेसाठी त्यांनी जाहिरात दिली, कुणी आलं नाही. तिसऱ्या गावात आता एक यंत्र ठेवलं आहे. गीताचा नंबर दाबला की ते वाजतं. लोक त्याच्याबरोबर गातात. यंत्र कुणासाठी थांबत नाही, असं फादर म्हणाले.

ईस्टर झाला. ती ज्या दिवशी येणार होती, त्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन वर गेलो. पॉलिश केव्हाच वाळलं होतं. पहिल्या पट्टीच्या मध्यावर टेपचं टोक धरायला मला खाली बसावं लागलं. शेवटच्या पट्टीपर्यंत टेप ओढली आणि चष्मा लावून वाचलं. एकशे नऊ सेंटिमीटर, साडेसहा मिलिमीटर. मी पुन्हा मोजलं, मग आणखी एकदा. खाली येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "बरोबर आलं?" मी म्हणालो, "आलं."

टेरेसच्या खोलीत खिडकीखाली तीस पट्ट्या आहेत. त्या सरळ आहेत. त्यांच्यामधलं अंतर बरोबर आहे.